१९ दिवस, साडेपाच हजार रुपये आणि एक कागद: एअर रायफलच्या सर्व्हिसिंगचा अनुभव

आधी कागदाचं सांगतो, कारण निम्मे पैसे मी त्या कागदाचेच दिले असं मला वाटतं. वहीचं रेघी पान. वर तारीख, रायफलचा नंबर, खोलीचं तापमान २७ अंश, सिलिंडरमध्ये हवेचा दाब १६० बार. खाली दहा आकडे, छर्ऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात: १७१, १६८, १७४, १७०, १६७, १७२, १६६, १७३, १६९, १७०. मग एक आडवी रेघ, 'दहा मिनिटं थांबून' असा शेरा, आणि पुढं एकच आकडा दोनदा अधोरेखित केलेला: १८१.

हे दुरुस्तीच्या आधीचं पान. रायफलला अजून पान्हासुद्धा लागला नव्हता.

मी कोल्हापूरचा. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त. नेमबाजीशी माझा संबंध नातीमुळं आला. ती दहावीत आहे आणि तीन वर्षांपासून दहा मीटर एअर रायफल करते. आमच्या गावात हा नाद नवीन नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं इथल्या घराघरात माहीत आहेत. तरी आमच्या चिरंजीवांना हा महागडा शौक वाटायचा. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ऑलिंपिकचं ब्राँझ मिळवलं आणि घरातला वाद त्या दुपारी मिटला. त्याचा प्रकार वेगळा, पन्नास मीटर, काडतुसाची पॉइंट टू टू रायफल. पण हे चिरंजीवांना सांगायची गरज मला वाटली नाही.

रायफल सेकंडहँड घेतली. जर्मन बनावटीची, तेरा वर्षं जुनी, हवेच्या सिलिंडरवर चालणारी. वर्षभर छान चालली. मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. पोरगी पाणी प्यायला थांबली, जॅकेटचं बटण सैल करून दोन मिनिटं बसली, की परत उभं राहून मारलेला पहिला छर्रा वर जायचा. बारा वाजता, सरळ वर. अगदी मधोमध लागला तर १०.९ गुण, हिचे ९.९, १०.०, कधी ९.७. त्यानंतरचे परत ठीक. कोचनी सांगितलं, विश्रांतीनंतर तुझा श्वास बसलेला नसतो. ती बिचारी श्वास मोजत बसायला लागली आणि बाकीचे छर्रेही बिघडले.

लेथवर जॉब दर वेळी एकाच टोकाला जाड येत असेल तर पोराला ओरडण्याआधी टेलस्टॉक, म्हणजे जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग, तपासायचा, हे मी ३१ वर्षं सांगत आलो. इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या प्रिंटवर प्रत्येक शॉटची वेळ छापलेली असते. तीन आठवड्यांच्या प्रिंट घेतल्या आणि जिथं दोन शॉटमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त अंतर होतं तिथं लाल पेननं खूण केली. १४ जागा निघाल्या. त्यातल्या ११ ठिकाणी पुढचा छर्रा वर. डावीउजवीकडं काही नाही. श्वास चुकला तर इतका सरळ रेषेत चुकत नाही.

दुरुस्तीसाठी पुण्याला जाण्याआधी एक चूक केली, तीही लिहून टाकतो. गावातच एकाला रायफल दाखवली. त्यानं पाच मिनिटांत ॲलन की घालून एक स्क्रू फिरवला, कुठल्याशा भोकात दोन थेंब तेल सोडलं आणि म्हणाला, "स्पीड वाढवून दिलाय काका, आता बघा." पैसे घेतले नाहीत, त्यामुळं मला वाटलं भला माणूस. घरी आल्यावर कळलं की पूर्वी एका भरलेल्या सिलिंडरवर दोन दिवसांचा सराव व्हायचा, तिथं आता एका दिवसातच काटा खाली येतोय. वरचा छर्रा वरच.

मग रेंजवरच्या एका पालकांनी पुण्यातल्या या वर्कशॉपचं सांगितलं. धायरीच्या बाजूला, पत्र्याच्या शेडांच्या रांगेत. बाहेर पाटी नाही. मालक, कामगार, हिशेबनीस सगळं एकच माणूस, पंचेचाळिशीचा. नाव मी इथं टाकत नाही, कारण निघताना त्यांनीच हात जोडून सांगितलं की आधीच महिन्याभराची कामं पडून आहेत. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या रेंजवर विचाराल तर कुणीतरी सांगेल.

गेल्या गेल्या त्यांनी रायफलची पावती आणि माझं ओळखपत्र बघितलं. पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअर, म्हणजे नळीचं भोक ०.१७७ इंचाचं, आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर आपल्याकडं एअर रायफलला परवाना लागत नाही. आमची जेमतेम आठ ज्यूलची. पण ताकद वाढवून मागणारी माणसंही येतात, त्यांना ते दारातूनच परत पाठवतात. माझ्यासमोरच एकाला फोनवर सांगितलं, "ते काम आपण करत नाही." आवाज न चढवता.

मग मला वाटलं आता उघडतील. त्यांनी उघडली नाही. शेडच्या मागच्या बाजूला दहा मीटरची गल्ली आहे, तिथं टेबलावर पक्का व्हाइस, म्हणजे वस्तू आवळून धरणारा शिकंजा. रायफल त्यात बसवली, नळीच्या तोंडापुढं क्रोनो लावला. क्रोनो म्हणजे दोन प्रकाशाचे पडदे, छर्रा एकातून दुसऱ्यात जायला लागणारा वेळ मोजून वेग सांगणारं यंत्र. मी आमच्या रेंजवर एकदा कुणाचा तरी मागून वापरला होता. त्यावर ४१२ आला तेव्हा मला घाम फुटला होता. इथं कळलं की ट्यूबलाइटच्या लुकलुकीनं तसले क्रोनो फसतात. यांनी गल्लीतल्या ट्यूब काढून साधे पिवळे बल्ब लावलेत.

दर ४५ सेकंदांनी एक, असे दहा छर्रे. घड्याळ लावून. मग म्हणाले, "आता चहा घेऊ," आणि खरंच दहा मिनिटं रायफलला हात लावला नाही. परत येऊन एक छर्रा मारला. १८१.

मी लाल खुणा केलेल्या प्रिंट पिशवीतून काढून समोर ठेवल्या. ते बघून हसले आणि म्हणाले, "सर, तुम्ही निम्मं काम करूनच आलाय." खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आता हा प्रकार काय आहे ते माझ्या भाषेत सांगतो. सिलिंडरमध्ये हवा भरतात २०० बारनं. छर्ऱ्यामागं इतका दाब चालत नाही, आणि सिलिंडर रिकामा होत जाईल तसा तो उतरतही जातो. म्हणून मध्ये रेग्युलेटर असतो. तो दाब कमी करून ठरलेल्या आकड्यावर, आमच्या रायफलीत ७० बारच्या आसपास, पुढच्या छोट्या कप्प्यात हवा सोडतो आणि बंद होतो. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. टाकी भरली की बंद. पण त्याचा वायसर झिजला की थेंब थेंब गळत राहतं आणि सकाळी टाकी वाहायला लागते. आमच्या रेग्युलेटरचं तेच झालं होतं. नात एका मिनिटात एक छर्रा मारत होती तोवर गळायला वेळच मिळत नव्हता. ती बसली की आत ७० चे ७५, ८० होत जायचे आणि पहिला छर्रा जोरात सुटायचा.

जोरात सुटला तर वर का? १७२ च्या वेगानं निघालेल्या छर्ऱ्याला दहा मीटर जायला साधारण ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो जवळपास १८ मिलिमीटर खाली पडतो. साईट तो हिशेब धरूनच लावलेली असते. वेग वाढला की पडायला वेळ कमी, म्हणून छर्रा वर लागतो. परतताना एसटीत मी गणित मांडलं. १७० ऐवजी १८१ म्हणजे २.२ मिलिमीटरच्या आसपास वर. या टार्गेटवर गुणांचा दशांश पाव मिलिमीटरला बदलतो. म्हणजे एका छर्ऱ्यामागं ०.९ गुण गेले. पोरीचा अगदी मधोमध सुटलेला १०.९ कागदावर १०.० दिसत होता.

हेच गणित उलटंही लागू पडतं, आणि ते पालकांनी नीट वाचावं. ३ मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला तर छर्रा ०.६ मिलिमीटर हलतो, म्हणजे पाव गुण. त्यामुळं पोरानं ८.६ मारला आणि आपण रायफलच्या नावानं बोटं मोडली तर ते खरं नसतं. तेवढा दोष वेगात मावतच नाही.

रेग्युलेटर माझ्यासमोर उघडला. ही त्यांची पद्धत आहे, मालक हजर असेल तर त्याला स्टुलावर बसवून दाखवतात. सगळी हवा सोडून झाल्यावर आतून छोट्या बशांसारख्या पोलादी चकत्यांची चळत निघाली, एक सुलटी एक पालथी अशी रचलेली. तीच त्याची स्प्रिंग. तिच्यावर पिस्टन, आणि पिस्टनची धार ज्यावर टेकते ती पांढरी प्लॅस्टिकची सीट, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. भिंगातून बघितली. धारेनं उमटवलेलं गोल वळं एका जागी तुटलेलं होतं, आणि त्या तुटलेल्या जागी हिरवट पावडर. ओलसर हवेचा गंज. आधीच्या मालकानं हातपंपानं हवा भरली असणार, तीही आमच्याकडच्या पावसाळ्यात. पंपातून हवेबरोबर बाष्पही आत जातं आणि दाबाखाली त्याचं पाणी होतं.

शिवाय ओ-रिंग, म्हणजे सांधे हवाबंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, फुगलेल्या होत्या. त्यांनी वास घेतला आणि माझ्या नाकासमोर धरली. शिवणयंत्राचं तेल. आमच्या गावच्या भल्या माणसाचे ते दोन थेंब. खनिज तेलानं त्या जातीचं रबर फुगतं हे मला माहीत होतं. पण उच्च दाबाच्या हवेत असं तेल पेट घेऊ शकतं हे त्यांनी सांगितलं तेव्हा घशाला कोरड पडली. पोरगी त्या रायफलला गाल लावून उभी राहते.

मूळ सीट मागवायची तर महिने जातात. त्यांनी डेलरिन नावाच्या कडक प्लॅस्टिकचा दांडा घेतला आणि कोपऱ्यातल्या छोट्या लेथवर ती तिथंच काढली. टर्नर माणूस, मी उठून जवळ जाऊन उभा राहिलो. टूल धारदार होतं, फीड हळू. तोंड घेताना शेवटचा कट इतका बारीक, की निघालेली चिप फुंकरीनं उडाली. मायक्रोमीटरवर तीन जागी माप घेतलं. पिस्टनची धार काचेवर ठेवलेल्या २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर आठाच्या आकड्यात फिरवली, पंधरा-वीस वेळा, बोटाच्या वजनानं. मी शिकवलेल्या पोरांपैकी असं काम करणारे मोजायला एका हाताची बोटं पुरतील. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही दोन बोटांत चोळून पुसून काढल्यावर उरेल तेवढंच.

यानंतर मात्र ते म्हणाले, "आता रायफल इथंच राहील. आठ दिवस."

नवीन सीट बसवली की तिच्यावर धारेचं वळं बसायला वेळ लागतो. तोवर रेग्युलेटरचा आकडा सरकत राहतो. रात्रभर दाबाखाली ठेवायचं, दोनशे छर्रे मारायचे, परत लावायचं, परत ठेवायचं. हे मला पटलं. आठाचे १९ दिवस झाले ते पटलं नाही. त्याहून वाईट म्हणजे फोन. सहा फोन केले, एकदा उचलला, "उद्या करतो सर" म्हणाले आणि तो उद्या चार दिवसांनी आला. मधल्या काळात नातीची एक स्पर्धा होती, ती क्लबच्या रायफलवर मारावी लागली. स्टॉक तिच्या मापाचा नाही, गाल बसत नव्हता. जे झालं ते झालं. पण तारीख पाळता येत नसेल तर तीन आठवडे सांगावेत, माणूस तयारी करतो. आयटीआयत मी उशिरा जॉब देणाऱ्याचे मार्क कापायचो. इथंही एक कापतोय, पाचपैकी चार.

रायफल घ्यायला गेलो तेव्हा नातीलाही नेलं. तिच्यासमोर त्यांनी जे केलं त्यासाठी परत दोनशे तीस किलोमीटर यायला मी तयार आहे. हॅमरची स्प्रिंग पूर्ण सैल केली. हॅमर म्हणजे ट्रिगर सुटल्यावर व्हॉल्व्हवर आपटून हवेला वाट देणारा ठोकळा. क्रोनो लावला, पोरीच्या हातात पेन्सिल दिली आणि स्क्रू पाव पाव आटा फिरवत गेले. दर वेळी तीन छर्रे, त्यांची सरासरी ती लिहीत होती. १५८. १६५. १७०. १७३. १७४. १७४. १७४.

"थांबलं," ती म्हणाली.

"हवेचा आवाज ऐक आता," ते म्हणाले आणि आणखी पाव आटा दिला. वेग १७४ च, पण फुस्स् मोठा. आमच्या गावच्या गृहस्थानं स्क्रू इथपर्यंत आवळून ठेवला होता. छर्रा नळीतून निघून गेल्यावरही व्हॉल्व्ह उघडाच, नुसती हवा वाया. आणि या टोकाला रेग्युलेटर जरा हलला की तो सगळा फरक थेट वेगात उतरतो.

मग मागं येत येत १७२ वर आणून थांबले. तिथंच का, हे त्यांनी पोरीलाच विचारलं. तिला आलं नाही, मला निम्मं आलं. त्या जागी कप्प्यातला दाब थोडा वाढला तर तोच दाब व्हॉल्व्हला जास्त जोरानं मिटून धरतो, त्यामुळं हॅमरच्या त्याच ठोक्यात व्हॉल्व्ह कमी उघडतो. दाबानं वेग वाढायला बघतो आणि कमी उघडल्यानं घटायला बघतो. दोघं एकमेकांना खातात आणि आकडा जागेवर राहतो. टोकाच्या जरासं अलीकडं ही जागा असते. ती प्रत्येक रायफलची वेगळी, आणि क्रोनोशिवाय सापडत नाही.

शेवटी दुसरं पान. १७२, १७१, १७२, १७३, १७२, १७२, १७१, १७२, १७३, १७२. रेघ. चहा. १७३.

छर्ऱ्यांचंही सांगितलं पाहिजे. चार डब्यांतले छर्रे व्हाइसमधून मारून बघितले. सगळे ०.५३ ग्रॅमचे, सपाट तोंडाचे, स्पर्धेचे. वेगात फार फरक नव्हता, पण ग्रुपमध्ये, म्हणजे छर्रे एकमेकांच्या किती जवळ पडतात त्यात, होता. ४.४९ मिलिमीटर डोक्याचे आमच्या नळीत सैल पडत होते. ४.५० च्या एका डब्याचे पाच छर्रे एकाच भोकात गेले. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, दुसऱ्या नळीला दुसराच डबा लागेल. छर्रे वजन करून निवडावेत का, हे मी विचारलं. चांगल्या डब्यात वेळ घालवू नका, फक्त मागची कड दबलेली असेल तो बाजूला टाका, एवढंच म्हणाले. मी तरी घरी सोनाराच्या काट्यावर शंभर मोजले. ते बरोबर होते.

बिल: मजुरी ३,८००, सीट आणि ओ-रिंग १,२००, छर्रे ५००. पावती हातानं लिहिलेली पण पक्की. जुनी सीट मागितली तर म्हणाले टाकून दिली. मला ते चालत नाही, बदललेला भाग मालकाला परत द्यायचा ही रीत आहे. कचऱ्याच्या डब्यात हात घालून त्यांनीच शोधून दिली. हिरव्या पावडरसकट आता माझ्या टेबलावर आहे.

कुणी जाणार असेल तर: आपले नेहमीचे छर्रे घेऊन जा, सिलिंडर भरलेला न्या, आणि जेवूनच जा, आसपास वडापावशिवाय काही नाही. कूरियरनं पाठवायचं असेल तर त्यांच्याशी आधी नीट बोला. पण समोर बसून बघण्यासारखं काम आहे, मी स्वतः घेऊन जाईन.

महिना झाला. नात परवा रेंजवर मुद्दाम बारा मिनिटं बसली. मैत्रिणीशी गप्पा मारल्या, मग उठून मारला. १०.३, डावीकडं खाली. माझ्याकडं वळून म्हणाली, "आबा, हा माझा." श्वास मोजणं तिनं सोडलंय.

एक तक्रार राहिली. सिलिंडरवर कंपनीनं दहा वर्षांची मुदत कोरलेली असते आणि स्पर्धेत ती तपासू शकतात. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन उभं राहता येत नाही, जबाबदारी नेमबाजाची. आमच्याची तीन वर्षांपूर्वीच संपली होती. हे आम्हाला वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं शेवटच्या दिवशी, पैसे देऊन झाल्यावर, दारात. नवीन मागवलाय. जुना हवा सोडून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलाय, आणि आमची सौ. रोज विचारते की हे लाटणं कधी हलवणार.